बुरशीचा श्रावण

श्रावण लागला आणि बेळगावात तेरा दिवस ऊन पडलं नाही. दोरीवरचे कपडे आंबट वास मारायला लागले. काड्यापेटीवर काडी ओढावी तर गुल नुसता पुसला जायचा, पेटायचा नाही. अशातच परवा गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते. खिडकीतल्या मुलीनं मान वर न करताच सांगितलं, "सर्व्हर डाऊन आहे. उद्या या." माझ्यापुढं एक म्हातारे गृहस्थ उभे होते. दूरच्या गावाहून आलेले असावेत, धोतराचा सोगा गुडघ्यापर्यंत भिजलेला. ते "बरं" म्हणाले, छत्री झटकली आणि वळले.

मला काय झालं कोण जाणे. दुखऱ्या गुडघ्यानं मी त्यांच्या मागं जवळजवळ पळतच गेले. फाटकापाशी त्यांना गाठलं, दंडाला धरून परत आणलं आणि त्या मुलीला म्हटलं, "यांचं नाव, गाव आणि कशासाठी आलेत ते कागदावर लिहून घे. मशीन सुरू झाल्यावर भर. पण आज यांना डॉक्टरांकडं सोड."

"मॅडम, तुम्ही कोण?" तिनं विचारलं.

मी कोण, हे तिला कसं सांगणार होते? तीसेक वर्षं मी लोकांची माहिती सांभाळायचं काम केलं. आता त्याला डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. माझ्या वेळी बेळगावात असला शब्द कुणी ऐकलेला नव्हता. मला 'कंप्युटरवाली बाई' म्हणायचे. त्या मुलीवर मी चिडले नव्हतेच. तिच्या जागी बसलेली चोवीस वर्षांची शोभा, म्हणजे मीच, मला दिसली होती, आणि तिच्या खिडकीवरून असाच "बरं" म्हणून परत गेलेला एक माणूस.

ऐंशीचं दशक अर्ध्यावरून पुढं सरकलं होतं. हिंडलग्याच्या बाजूला एका ट्रस्टचा क्षयाचा दवाखाना होता. कौलारू, लांबच लांब, भोवती निलगिरीची झाडं. पाऊस झाला की त्या झाडांचा वास वॉर्डातल्या फिनेलच्या वासात मिसळायचा. तिथं एक संगणक आला आणि संगणकाबरोबर मी आले.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. संध्याकाळी ती घरी आली की आधी पदर झटकायची आणि सगळं घर शिंकायचं. तिनं मला संख्याशास्त्रात पदवी घ्यायला लावली, पुण्याला मावशीकडं ठेवून सहा महिन्यांचा कंप्युटरचा कोर्स करायला लावला. निपाणीत आमच्या वस्तीत तो शब्द कुणाला नीट म्हणता यायचा नाही. आई 'कंपुटर' म्हणायची आणि म्हणताना हसायची.

दवाखान्यात संगणकाच्या खोलीबाहेर पाटी होती, 'चपला काढून आत या.' धुळीसाठीच होती ती. पण ज्या पोरीच्या आज्जीला गावात कुणाच्या उंबऱ्याला पाय लावू दिला नव्हता, तिच्या खोलीबाहेर आता ट्रस्टी लोक चपला काढायचे आणि "येऊ का?" म्हणून विचारायचे. ते पाहून मला आत कुठंतरी ऊब वाटायची. पुढं जे घडलं त्याचं मूळ त्या उबेतच होतं.

रेकॉर्डच्या खोलीत आदगोंडा आप्पा होते. चिकोडीकडचे जैन, पन्नाशी उलटलेले, पांढरी टोपी, कानात अत्तराचा बोळा. वीस वर्षं त्यांनी रोग्यांची कार्डं सांभाळली होती. पिवळट जाड कार्ड. वर नाव, गाव, वय, खाली थुंकीच्या तपासणीचे निकाल, इंजेक्शनं किती झाली, गोळ्या कुठल्या महिन्यापर्यंत नेल्या. मराठी त्यांची कानडीच्या चालीवर चालायची. मला ते 'तंगी' म्हणत. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

अख्खा हिवाळा आप्पा कार्डं वाचत गेले आणि मी ती संगणकात भरत गेले. तेव्हा मला या कामाची गोडी लागली. माहिती म्हणजे नुसता ढीग नव्हे, तिला हाडं असावी लागतात, हे मला कळलं. मी दोन फायली केल्या. एकीत माणूस, नाव, गाव, घर. दुसरीत त्याची प्रत्येक फेरी. कधी आला, काय नेलं. दोन्हींना जोडणारा धागा एकच, रोग्याचा नंबर. नाव चालत नाही, कारण येळ्ळूरचे मारुती पाटीलच आमच्याकडं चार होते. गावाचंही तसंच. येळ्ळूर कुणी एका एलनं लिहिलेलं, कुणी दोन एलनं, कुणी वायनंतर ए घालून. माणसाला ते एकच गाव दिसतं, यंत्राला ती तीन गावं. म्हणून मी प्रत्येक गावाला एक आकडा दिला. आप्पांना ते पटलं नव्हतं. म्हणाले, "गावाला नंबर देतीस व्हय तंगी? तुरुंगात घातल्यासारखं वाटतंय की."

पण महिन्याच्या एक तारखेला प्रिंटर करकरत यादी बाहेर टाकायला लागला आणि आप्पाही बघत राहिले. कोण कोण ठरलेल्या दिवशी गोळ्या न्यायला आलं नाही, त्यांची यादी. पूर्वी कार्डं चाळून ती काढायला दहा दिवस लागायचे, आता चहा होईतो निघायची. यादी घेऊन दवाखान्याची माणसं सायकलवरून गावोगाव जायची. क्षयाच्या औषधाचं असं असतं की दोन-तीन महिन्यांत माणसाला बरं वाटतं, भूक लागते, तो कामाला जायला लागतो आणि गोळ्या सोडतो. तिथंच रोग दबा धरून बसतो. त्या वळणावर जाऊन कुणीतरी दार वाजवावं लागतं. आमची यादी म्हणजे ते दार वाजवणं होतं.

मग ट्रस्टच्या सेक्रेटरींनी मला बोलावून विचारलं, "सगळी कार्डं आत गेली का? मग ती खोली रिकामी करू. एक्स-रेला जागा पाहिजे." समोर कागद होता. संगणकात सर्व नोंदी पूर्ण आहेत, मूळ कार्डांची गरज नाही, असं टाईप केलेलं. खाली माझं नाव.

बाहेर आप्पा उभे होते. "ऱ्हाऊ दे की गं तंगी," ते म्हणाले, "कार्डं काय भाकरी मागत्यात?"

"आप्पा, दर शनिवारी मी सगळ्याची नक्कल काढून ठेवते. एक नाही, दोन संच आहेत."

मी सही केली. ठळक, इंग्रजीत, खाली रेघ ओढून. रद्दीवाला तीन फेऱ्यांत कार्डं घेऊन गेला. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत, हे मला फार नंतर समजलं.

आणि श्रावण आला.

बेळगावचा श्रावण ज्यानं त्या काळात काढलाय त्याला सांगायला नको. पाऊस पडत नसायचा, तो नुसता असायचा. भिंती घामेजायच्या. वॉर्डातले पेशंट ओल्या गोधड्या अंगावर घेऊन खोकत पडायचे. वीज यायची, जायची, पुन्हा अर्धवट यायची. दिवे तांबूस व्हायचे. एका सोमवारी, अकराच्या सुमाराला, मी फेऱ्यांची फाईल क्रमानं लावत होते. वीज गेली, क्षणात आली, पुन्हा गेली. संगणकाच्या पेटीतून एक आवाज आला. पाट्यावर खडा सापडावा तसा. संगणकाच्या आतल्या तबकडीवर वाचणारी सुई केसाएवढ्या अंतरावर तरंगत असते. ती खाली टेकली होती.

वीज परत आल्यावर पडद्यावर एकच ओळ. डिस्क वाचता येत नाही.

मी घाबरले नाही, हे खरंच सांगते. उलट जरा ऐटीतच उठले. असल्या प्रसंगासाठीच तर शनिवारच्या नकला होत्या. भिंतीलगतचं लोखंडी कपाट उघडलं, नकला ज्यांच्यावर काढायचे त्या फ्लॉप्यांची पेटी काढली, पहिली फ्लॉपी पाकिटातून ओढली. तिच्या मधल्या खाचेत, जिथं काळी चकती दिसते, तिथं पांढुरकी, बारीक, पावडरीसारखी नक्षी होती. बोट लावलं तर बोटाला लागली.

बुरशी.

दुसरी काढली. तिसरी. दुसरा संच काढला. दोन्ही संच एकाच कपाटात, एकाच ओल्या भिंतीला टेकून. दोन ठेवले की झालं, असं मला वाटलं होतं. एका छपराखालचे दोन म्हणजे एकच, हे कुठल्या कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी तेव्हा मी ऐकलं असतं का, कोण जाणे.

तरी फ्लॉपी लावून पाहिली. यंत्र घरघरलं, थांबलं आणि विचारलं: सोडून देऊ, पुन्हा प्रयत्न करू, की हार मानू? मी 'पुन्हा'ची कळ दाबली. पुन्हा. पुन्हा. त्या दिवशी ती कळ किती वेळा दाबली असेल! मोठी फाईल सहा फ्लॉप्यांवर पसरलेली होती. त्यातली तिसरी वाचता आली नाही तर चौथी, पाचवी, सहावीला अर्थ नाही. साखळीची एक कडी तुटली की पुढचं सगळं हवेत. पहिल्या संचातली दुसरी गेली होती. दुसऱ्या संचातली पहिलीच.

मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले. कडक माणूस, पण आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "दर शनिवारी नक्कल काढत होता ना?"

"हो सर."

"एकदा तरी ती परत भरून बघितली होती? वाचता येते का ते?"

दर शनिवारी नक्कल काढत होते, लेबल चिकटवत होते, तारीख टाकत होते. ती वाचून एकदाही पाहिली नव्हती. पुढं साऱ्या नोकरीत कितीतरी पोरापोरींना हे काम शिकवलं, आणि पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच सांगितलं: परत भरून पाहिली नसेल तर ती नक्कल नव्हे, नुसतं समाधान आहे. पण ते शहाणपण मला फार महागात मिळालं, आणि किंमत मी दिली नव्हती.

खिडकीवर गर्दी वाढत होती. रोग्याकडं फक्त नंबराची चिठ्ठी असायची. तिच्यावरून कुठल्या गोळ्या, कितवा महिना, हे संगणक सांगायचा आणि मगच कंपाउंडर औषध द्यायचे. आता नंबर होते आणि त्यांच्या मागं काहीच नव्हतं. चुकीची गोळी देण्यापेक्षा न दिलेली बरी, म्हणून कंपाउंडर सांगायचे, "मशीन बंद हाय. पुढच्या आठवड्यात या." माझ्या खोलीची काच त्या रांगेकडंच होती. मी तिकडं पाहत नव्हते.

मी फ्लॉप्या धूत होते. ऐकायला वेड्यासारखं वाटेल, पण शेवटचा उपाय तोच होता. फ्लॉपीचं काळं पाकीट एका कडेनं ब्लेडनं कापायचं, आतली पातळ चकती अलगद काढायची, बुरशी पुसायची, वाळवायची आणि नव्या पाकिटात घालून वाचायचा प्रयत्न करायचा. एक वाचून झाली की यंत्राची सुईसुद्धा पुसायची, नाहीतर एकीची घाण दुसरीला. दवाखान्यात स्पिरिट भरपूर. कापसावर स्पिरिट घेऊन मी पहिली चकती पुसली. बुरशी निघाली. आणि तिच्याबरोबर कापसावर तपकिरी डाग आला. मी पुन्हा पुसलं, डाग वाढला. मग लक्षात आलं. तो मळ नव्हता. चकतीवरचा लेपच सुटून येत होता, ज्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं तो लेप. माझ्या हातातल्या कापसाच्या बोळ्यात अडीचशे-तीनशे माणसं होती. बसल्या जागी मला रडू कोसळलं. ते थांबेचना. एका हातात तो कापूस, एका हातात ती चकती, आणि समोरच्या काचेपलीकडं रांग.

नंतरच्या चकत्या प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यानं धुतल्या, साबणाचा एकच थेंब घालून, वाळायला दोन-दोन दिवस लावून. पुण्याहून आलेला इंजिनिअर मोठी तबकडी उघडून बघून गेला. तिच्यावर गोल ओरखडा उठला होता. "यातून काही निघणार नाही," एवढंच तो म्हणाला. फ्लॉप्यांतून मात्र तुकडे निघाले. फाईल म्हणून नव्हे, नुसत्या अक्षरांच्या माळा. मी तयार केलेल्या फायलीत प्रत्येक माणसाला ठरावीक लांबीची जागा होती, नाव कितीही छोटं असलं तरी. त्यामुळं माळेत एक जरी नाव ओळखू आलं तरी अक्षरं मोजत पुढचा माणूस कुठं सुरू होतो ते सापडायचं. असं मोजत, कागदावर रेघा मारत, निम्म्याच्या आसपास नावं आणि गावं हाती लागली. फेऱ्यांची फाईल गेली ती गेलीच. कुणी किती औषध घेतलं, कोण कुठल्या महिन्यात होतं, काहीच उरलं नाही.

मी राजीनामा लिहिला. आप्पांना दाखवायला नेला, कारण दुसऱ्या कुणाला दाखवायचा धीर नव्हता. वाटलं, हा माणूस आता बोलेल. कार्डांचं बोलेल. त्याला हक्कच होता.

आप्पांनी कागद वाचला, उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. "येळ्ळूर," ते म्हणाले आणि लिहायला लागले. "मारुती पाटील चार. एक देवळाजवळचा, मिशीवाला. एक उद्यमबागेत फौंड्रीत जातोय तो. एक म्हातारा, कानानं बहिरा. चौथ्याची बायकू येतीय औषधाला, तो सवता येत न्हाई." त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले होते. एकेक माणूस त्यांच्या खिडकीशी येत होता आणि ते त्याला कागदावर उतरवत होते. माझ्या राजीनाम्याची मागची बाजू भरली, तेव्हा म्हणाले, "अजून कागद आण. आणि छत्री घे चांगली. गावं करायची हाईत."

दीड-दोन महिने आम्ही गावं केली. लाल बसमधून, छपरातून गळणारं पाणी चुकवत. येळ्ळूर, हिंडलगा आणि पलीकडची वाड्या-वस्त्यांची रांग. भाताची शेतं गुडघाभर झाली होती, बासमतीचा वास वाऱ्यावर यायचा, आणि मी काखेत फाईल धरून चिखलातून चालायचे. प्रत्येक दारात तोच प्रश्न: कधीपासून औषध घेताय, कुठली गोळी, लाल की पांढरी, इंजेक्शनं किती झाली?

काहींनी ओळखच दिली नाही. "आमच्यात न्हाई कोण तसलं," म्हणून दार लोटलं. लग्नाची पोर घरात असली की क्षयाचं नाव शेजारी ऐकू जाऊ देत नसत. आप्पा मग नुसतेच पाणी मागायचे, ओट्यावर बसायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे. कानडी घर असलं तर कानडीतून. थोड्या वेळानं आतून कुणीतरी गोळ्यांची रिकामी पाकिटं आणून मुकाट्यानं माझ्यापुढं ठेवायचं. एका घरी म्हातारीनं आम्हांला न्हाणीच्या भिंतीशी नेलं. तिथं कोळशानं ओढलेल्या रेघा. लेकाला इंजेक्शन दिलं की एक रेघ. "लिवाय येत न्हाई मला. म्हनून ह्ये," ती म्हणाली. मी त्या रेघा मोजल्या, परत मोजल्या, आणि फायलीत आकडा लिहिला. त्या आकड्याइतका पक्का आकडा माझ्या कागदांत दुसरा नव्हता.

कुठं बरं निघायचं, कुठं फार वाईट. तीन घरांत आम्ही पोचायच्या आधीच माणूस गेला होता. त्यांतलं कोण रोगानं गेलं आणि कोण आमच्यामुळं, हे सांगायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. आप्पा त्या नावांपुढं काही लिहायचे नाहीत. बाहेर आल्यावर टोपी काढून झटकायचे, पावसातसुद्धा.

फौंड्रीतला मारुती पाटील आम्हांला नवरात्राच्या सुमाराला सापडला. पाऊस ओसरला होता. सोप्यात खाटेवर तो पडला होता. चाळिशीचा असेल, छातीचा पिंजरा सदऱ्यातून दिसत होता. उशाशी राखेनं भरलेलं डबडं, थुंकायला. त्याची बायको पारू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

आप्पांनी विचारलं, "मारुती, गोळ्या का सोडल्यास रं?"

"सोडल्या न्हाईत आप्पा." आवाज घशातून ओढून काढल्यासारखा. "संपल्या. संपल्या तवा आलतो की. तीनदा आलतो. फौंड्रीत खाडा करून आलतो."

"मग?"

"मशीन बंद हाय म्हनले. पुढल्या आटवड्यात या म्हनले. तिसऱ्या बारीला आलतो तवा..." त्याला खोकला आला. डबड्यातली राख तांबडी झाली. पारूनं पाठ चोळली.

खरं तर गप्प बसता आलं असतं. आप्पांनी माझ्याकडं पाहिलंही, गप्प बस अशाच अर्थानं. पण मी म्हटलं, "मारुतीअण्णा, ते मशीन माझ्याकडं होतं. माझ्या चुकीनं सगळं गेलं."

त्यानं मान वळवून माझ्याकडं नीट पाहिलं.

"म्हंजी काचेमागची बाई तुमीच व्हय?" तो म्हणाला. "तुमच्या हातात कापूस हुता. तुमी रडत हुता. मी काचेपतुर आलतो, इचारावं म्हनून. मग म्हनलं, ती बाई आदीच लई अडचनीत हाय. तिला आजून कशाला तरास द्याचा? म्हनून म्या माघारी फिरलो."

त्यानंतर सोप्यात कोण काय बोललं, मला आठवत नाही. परसातली कोंबडी आत आली होती आणि पारूनं तिला हाकललं, एवढं आठवतं.

मारुतीला आम्ही त्याच दिवशी दवाखान्यात आणलं. पुन्हा इंजेक्शनं, नव्या गोळ्या. पण मधल्या खंडात रोगानं जुन्या औषधाची ओळख करून घेतली होती. त्यानं आता ते मानलं नाही. नव्या, भारी औषधांसाठी डॉक्टरांनी मद्रासला लिहिलं, ती आली, पण वेळ गेली होती. रोज सकाळी कामावर आले की मी आधी त्याच्या खाटेशी जायची. तो कधी एक शब्दही वावगा बोलला नाही. एकदा म्हणाला, "सुधारलं का तुमचं मशीन?" मी हो म्हटलं. "बरं झालं," म्हणाला. माघात तो गेला. त्याच्या नोंदीत शेवटचा रकाना भरायचा होता, बरा झाला की गेला, एकाच अक्षराचा. ते अक्षर टाईप करायला मला अख्खी सकाळ लागली.

नोकरी माझी राहिली. डॉक्टरांनी राजीनामा मागितला नाही, मी पुन्हा लिहिला नाही. त्यानंतर दर शनिवारी मी नक्कल काढायची आणि ती नंतर घेतलेल्या दुसऱ्या यंत्रावर भरून, पाच-दहा नावं कागदाशी ताडून बघायची. एक संच पत्र्याच्या डब्यात, खाली ओल शोषायला कळीचा चुना घालून, आप्पा गावी घेऊन जायचे, चिकोडीच्या बसनं, मांडीवर ठेवून. नव्या नोंदी कार्डावरही व्हायला लागल्या, आप्पांच्याच अक्षरात. हे सगळं आज मोठमोठ्या कंपन्या करतात, त्याला भारदस्त नावं आहेत. आम्ही ते भीतीपोटी केलं.

ती भीती गेली, असं नाही. आजही श्रावणात एखाद्या दुपारी मध्येच घाम फुटतो आणि वाटतं, कुठंतरी कुणीतरी खिडकीवरून परत चाललंय. क्षमा कुणाकडं मागायची, तो माणूस तर मला क्षमा करूनच माघारी फिरला होता. त्याच्या त्या भलेपणाचं ओझं मला कधी खाली ठेवता आलं नाही.

मारुती गेल्यावर उन्हाळा तोंडावर आला, तेव्हा पारू खिडकीवर आली. तीन आठवडे खोकला. तपासणीत जे निघायचं तेच निघालं. आप्पांनी कार्ड केलं, मी संगणकात नोंद केली. ती दर महिन्याला ठरल्या दिवशी येत राहिली. आमच्याकडं बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात, ती निघताना दरवेळी म्हणायची, "पुढल्या महिन्याला येतो बाई." आणि यायची. दीड वर्ष. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून, एकदा अंगात ताप असताना. एखाद्या वेळी अकरा वाजले आणि ती दिसली नाही की मी फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघायची.

शेवटच्या तपासणीत ती बरी निघाली. अंगावर मूठभर मांस आलं होतं. माझ्या खोलीशी आली, चपला काढल्या, आत येऊन उभी राहिली.

"आता माजं नाव काडून टाकनार व्हय त्यातनं?"

"नाही पारूआक्का. नाव राहतं. पुढं फक्त लिहितात, बरी झाली म्हणून."

"आनि आमच्या घरधन्याचं?"

"त्यांचंही आहे."

"मग जवळ जवळ ठेवा की आमची."

मी तिला समजावणार होते. नोंदी नंबरानं असतात, त्याचा नंबर आधीचा, तुमचा बराच पुढचा, मध्ये शेकडो माणसं. पण तेवढ्यात सुचलं. फायलीतल्या नोंदी हलवाव्या लागत नाहीत. त्या असतात तिथंच राहतात, वाचायचा क्रम तेवढा नवा बांधता येतो. आजवर मी नंबराचा क्रम बांधला होता, नावाचा बांधला होता, तारखेचा बांधला होता. घराचा कधी सुचला नव्हता. मी तिला स्टुलावर बसवलं आणि गाव व घर यांचा क्रम बांधला. यंत्र थोडा वेळ घरघरत राहिलं. मग येळ्ळूरची घरं एकेक करून पडद्यावर उतरायला लागली, आणि जिथं एका घरात दोन माणसं होती तिथं दोन ओळी एकमेकींना लागून आल्या. किती घरांत दुसरं माणूस आजारी पडलं होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पुढं दार वाजवायला जाणारी माणसं ती यादीही घेऊन जायला लागली.

पारू पडद्याकडं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"कुठली माजी?"

मी बोट ठेवलं. "ही."

"आनि त्यांची?"

"तिच्या वरची."

तिनं पदराला हात पुसला आणि काचेवर, त्या दोन ओळींवर मिळून, तळवा ठेवला. वीज जायची वेळ झाली होती, दिवे तांबूस व्हायला लागले होते. यंत्र बंद करायला हवं होतं. मी केलं नाही. तिनं आपला हात आपण काढून घेईपर्यंत थांबले.